शेवटच्या टिंबानंतर

“बाई, फाइली मेल्या हो!”

साहेब दारात उभे होते. चेहरा असा, की घरून काही वाईट निरोप आला असावा. बाई सकाळचे आकडे भरत होत्या. त्यांनी कोरड्या तापमापकाचा आकडा लिहिला, ओल्याचा लिहिला, पेन्सिल कानावर खोचली आणि मगच विचारले, “किती?”

“चाळीस. एकूणएक पांढऱ्या पडल्यात. उघडायला गेलं की कॉम्प्युटर मलाच विचारतोय, कशात उघडू? आता मला काय ठाऊक कशात उघडू!”

बाई त्यांच्यामागून गेल्या. पडद्यावर चाळीस कोरी पाने रांगेने पडली होती.

“तुम्ही नावं बदललीत का?”

“छे! फक्त साफ केली. प्रत्येक नावाच्या शेवटी काहीतरी कचरा आला होता. एक टिंब आणि पुढं तीन-चार इंग्रजी अक्षरं. म्हटलं, कुणाचं तरी बोट लागलं असेल. सकाळपासून एकेक पुसत बसलोय.”

“पुसताना त्यानं विचारलं नाही, नक्की ना म्हणून?”

“विचारलं की. मी हो म्हटलं.” साहेब जरा थांबले. “चाळीस वेळा.”

ही चूक हवामान केंद्रातच होऊ जाणे. इथे पासष्ट वर्षे तारीख टिंबे देऊन लिहिली जाते. बारा टिंब तीन टिंब चार टिंब सकाळ. वहीत तसे, म्हणून कॉम्प्युटरवरही तसेच. एकेका फाइलीच्या नावात इतकी टिंबे, की त्यात आणखी एखादे आले काय आणि गेले काय, कुणाच्या लक्षात येणार? साहेबांना शेवटचे टिंब उपरे वाटले आणि त्यांनी नेमके तेच उडवले. बाकीची बिनकामाची होती ती राहिली.

ती टिंबे जागी केली होती मात्र बाईंनीच. मागच्या महिन्यात वरच्या ऑफिसने अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण ठेवले होते. विषय होता कॉम्प्युटरची सुरक्षा. बाकीचे लोक चहापर्यंत टिकले, बाई शेवटपर्यंत बसल्या. शिकवणारी मुलगी त्यांच्या भाचीच्या वयाची होती आणि फार घाईत बोलायची.

“काकू, फाइलचं पूर्ण नाव कॉम्प्युटर दाखवतच नाही. ओळखीची शेपटी असली की झाकून ठेवतो. मग एखादा लबाड काय करतो, नावातच ‘पीडीएफ’ लिहून टाकतो आणि खरी शेपटी त्याच्या मागं ठेवतो. तुम्हाला वाटतं साधा कागद आहे. पण तो कागद नसतोच, तो चालणारा प्रोग्राम असतो. उघडला की आत शिरला आणि सगळ्याला कुलूप लावून बसला.”

“मग ओळखायचं कसं?”

“फोल्डर उघडायचा, वर ‘व्ह्यू’ असतं, तिथं फाइलींच्या शेपट्या दाखव म्हणून खूण करायची. बस्स. शेवटच्या टिंबानंतर जे असेल तेच खरं. त्याच्या आधीचं कुणीही काहीही लिहू शकतो.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण त्यांना लहानपणापासून पाठ होती. पण वाळा नेमका कुठे बघायचा, हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी केंद्रातल्या चारही कॉम्प्युटरांवर ती खूण केली आणि सगळ्या फाइलींना एकदम शेपट्या फुटल्या.

रोज सकाळी हवेत फुगा सोडणाऱ्या सहकाऱ्याला सगळे फुगेवाले म्हणत. त्यांना तर विषयच मिळाला. “बाई, माझीपण शेपटी बघून घ्या एकदा. नाहीतर उद्या आत सोडायच्या नाहीत.”

“तुमची कशाला बघायची? तुम्ही बोललात की दिसतेच,” बाई म्हणाल्या होत्या.

आता साहेबांच्या चाळीस फाइलींना एकेक शेपटी परत लावण्यात अख्खी सकाळ गेली. साहेब शेजारी उभे राहून बघत होते. चाळिसावी फाइल रंगात आली तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला आणि हुकूम दिला, “झाकून टाका ती शेपटी-बिपटी. गाढवाला असते तेवढी पुरे. माणसाला जे समजत नाही ते डोळ्यांपुढं नको.”

साहेब वाईट माणूस नव्हते. आपल्याला न समजणाऱ्या गोष्टी जगात असाव्यात, पण आपल्या टेबलावर नसाव्यात, एवढेच त्यांचे म्हणणे असे. बाईंनी तीन कॉम्प्युटरांवरची खूण काढली. स्वतःच्या कॉम्प्युटरची कुणी चौकशी केली नाही, त्यांनीही काही सांगितले नाही.

बाईंचे वय सत्तावन्न. यातली चौतीस वर्षे त्यांनी आभाळाकडे बघण्यात घालवली होती, तीही पगारी. सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेपाच. अंगणातल्या कापलेल्या गवतावर चार पायांची एक पांढरी पेटी उभी आहे, तिच्या चारी बाजूंना झडपा. पेटीत दोन तापमापक, एक कोरडा आणि एक टोकाला ओले फडके गुंडाळलेला. शेजारी पाऊस मोजायचे भांडे, वर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. सगळे बघून झाले की मान वर करायची आणि आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करून त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचे. आठपैकी तीन. आठपैकी सात. याला यंत्र लागत नाही, डोळेच लागतात. चौतीस वर्षे असे केल्यावर माणूस चालताना जमिनीवर पुरा टेकत नाही. बाजारात भाजीवाली दोनदा विचारते, “ताई, किती देऊ?” आणि बाई म्हणतात, “आठपैकी पाच.”

लग्न केले नाही. का केले नाही, हे विचारणारी माणसे एकेक करून म्हातारी झाली आणि गेली.

बाईंच्या आधी याच केंद्रात त्यांचे वडील निरीक्षक होते. एकतीस वर्षे. अंगणाच्या कडेला जी बंद खोल्यांची बैठी इमारत आहे, तीच त्यांची राहायची जागा. बाई तिथेच वाढल्या. वडिलांच्या वह्या केंद्राच्या कपाटात आहेत, वर्षाला एक. तिरके, बारीक, एकाही ठिकाणी न खोडलेले अक्षर. बाईंनी सहा वर्षे खपून त्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढवल्या. कुणी सांगितले नव्हते. हवामानाच्या आकड्यांचा उपयोग होतो, असे त्या साहेबांना म्हणाल्या, आणि ते खरेही होते. पण खरे कारण वहीतल्या शेवटच्या रकान्यात होते.

त्या रकान्याला शेरा म्हणतात. नियमाप्रमाणे त्यात धुके पडले, गारा पडल्या, असे लिहायचे असते. बाईंचे वडील तेवढ्यावर थांबत नसत. ‘वारा नैर्ऋत्येचा. मुलीचा पहिला दात पडला.’ ‘दिवसभर दमट. मुलगी पेटीतला पारा वाचायला शिकली.’ ‘क्षितिजावर वीज. हिला आज बरे वाटले, उठून बसली.’ ही म्हणजे बाईंची आई. घरात चार शब्द न बोलणारा माणूस सरकारी रकान्यात बोलत असे. टंकताना बाई कधी कधी हसत, कधी कधी नुसत्याच खिडकीबाहेर बघत बसत. आपल्या बालपणावर कुणीतरी रोज तीन वेळा नजर ठेवून होते, आणि ते आपल्याला पन्नास वर्षांनी कळते आहे.

फक्त एक वही नव्हती. एकतिसांपैकी एक. बाई सात वर्षांच्या असतानाची. कसल्याशा तपासणीसाठी ती मुख्य कार्यालयाने मागवून घेतली होती आणि परत पाठवली नव्हती. त्याच वर्षी आई गेली.

आईनंतर बाईंना मावशीने वाढवले. मावशीने माया केली, खोटे कशाला बोला. पण तिच्या जिभेवर एक वाक्य कायमचे बसले होते. “बायको खाटेवर गेलेली आणि हा गृहस्थ अंगणात ढग मोजत होता. तिन्ही वेळेचे आकडे भरले होते हो त्या दिवशी! मी संध्याकाळी आले तेव्हा वही उघडीच होती टेबलावर. या डोळ्यांनी बघितले आकडे.”

हे वाक्य बाईंनी इतक्या वेळा ऐकले की ते त्यांचेच झाले. त्यांना स्वतःला त्या दिवसातले थोडेच आठवते. झडपांची सावली, पेटीच्या दाराची कडी, आणि काचेतला पाऱ्याचा चकाकणारा धागा, अगदी डोळ्यांसमोर. त्या आठवणीत वडील कुठेच दिसत नाहीत. ते मागे उभे असतील, असे बाई समजत आल्या. पुढे वडिलांशी त्यांचे बोलणे झाले ते हवेबद्दल. “आज उकडतंय.” “हो, उकडतंय.” अशी पंचवीस वर्षे गेली. मग वडील गेले. त्या दिवशी मात्र बाईंनी एकही आकडा लिहिला नाही, तिन्ही रकाने कोरे ठेवले. कुणाला तरी दाखवायचे होते, पण बघायला ते नव्हते.

म्हणून त्यांना ती वही हवी होती. आकडे होते हे माहीत होते. शेरा होता का, एवढेच बघायचे होते. मुलीचा दात पडला तर लिहिणाऱ्या माणसाने बायको गेली तेव्हा काय लिहिले? एक शब्द जरी असला, तरी बाई त्यांना माफ करून टाकणार होत्या. रकाना रिकामा असला तर मावशी म्हणत होती तेच खरे. चार वर्षांत त्यांनी मुख्य कार्यालयाला अकरा पत्रे लिहिली. विषय: जुन्या नोंदवहीबाबत. उत्तर दर वेळी एकच, ‘शोध चालू आहे.’

गुरुवारी दुपारी, अडीचचे आकडे भरून झाल्यावर, बारावे उत्तर आले.

दोन नोंदींमधला तो वेळ केंद्रात फार हलका असतो. पंखा फिरतो. फुगेवाले खुर्चीत पेंगतात. खिडकीतून उंचावरचे पातळ ढग दिसत होते, कुणी कापूस पिंजून उडवून दिल्यासारखे, आणि ते हलतात की खोलीच हलते आहे हे कळत नव्हते. बाईंनी ते पत्र उघडले. विषय: जुन्या नोंदवहीबाबत. ‘आपण मागितलेली नोंदवही सोबत जोडली आहे. कृपया पाहावी.’ खाली त्यांचेच मागचे पत्र, शब्द न् शब्द, त्यांच्या सहीसकट.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पन्नास वर्षांनी. ते तिरके अक्षर आता, या टेबलावर, या उन्हात उघडणार होते. त्या महिन्याचे पान कुठे असेल ते त्यांना न बघता सांगता आले असते. त्यांनी जोडलेली फाइल उतरवून घेतली आणि तिचे नाव वाचले.

नोंदवही. टिंब. पीडीएफ. टिंब. ईएक्सई.

त्यांनी पुन्हा वाचले. शेवटच्या टिंबानंतर तेच होते. चालणारा प्रोग्राम.

माणसाला जे हवे असते त्यासाठी तो स्वतःशी किती गोड बोलतो! चूक झाली असेल, बाईंना वाटले. साहेबांनी नाही का चाळीस शेपट्या तोडल्या, तिकडे कुणा बिचाऱ्याने एक चुकीची लावली असेल. पत्र तर आपलेच आहे, आपली सही आहे. आणि समजा, काही झाले, तरी एकदा ते पान दिसेल की. एकच पान. बोट माउसवर होते. बाहेर ढग सरकला आणि टेबलावरचे ऊन विझले, परत आले. बाई तशाच बसून राहिल्या. मोह म्हणजे काय हे त्यांना सत्तावन्नाव्या वर्षी कळत होते.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून साहेबांचा आवाज आला, खुशीत.

“बाई! अहो बाई! सापडली की तुमची वही! मलाही प्रत पाठवलीय त्यांनी. थांबा, उघडतो, मोठ्या पडद्यावर बघू!”

चौतीस वर्षांत बाई या केंद्रात कधी पळाल्या नव्हत्या. वादळाच्या दिवशीही नाही. त्या दिवशी पळाल्या. खुर्ची पडली, फुगेवाले दचकून उठले. साहेबांचे बोट खाली येतच होते, तेव्हा बाईंनी त्यांचा हात मनगटाला धरून वर उचलला.

“उघडू नका.”

“अहो, काय झालं?” साहेब हाताकडे बघत राहिले. “तुमचीच वही आहे. अकरा पत्रं लिहिलीत तुम्ही. मी सह्या केल्यात त्यांच्यावर.”

“ती वही नाहीये.”

“हे काय, पीडीएफ आहे, नाव वाचा ना.”

“तुमच्याकडं शेपटी झाकलेली आहे, साहेब. माझ्याकडं या.”

साहेब आले. फुगेवालेही आले. तिघांनी मिळून ते नाव वाचले, साहेबांनी शेवटच्या टिंबावर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखे. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“म्हणजे मी दाबलं असतं तर...”

“तुमच्या चाळीस फाइली गेल्या असत्या. माझ्या तीस वह्या गेल्या असत्या, सहा वर्षांचं काम. चारही कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले आहेत.”

“पण त्यांना तुमचं पत्र कुठून मिळालं?” फुगेवाल्यांनी विचारले. त्यांना विनोद सुचत नव्हता.

हे बाईंच्या डोक्यात आलेच नव्हते. त्यांनी फोन उचलला आणि जुन्या पत्रांच्या माथ्यावरचा मुख्य कार्यालयाचा नंबर लावला. दप्तरखान्यातला कारकून बोलत होता. चार वर्षे ‘शोध चालू आहे’ असे लिहिणारा तोच. आवाज घोगरा, जागरण झालेल्या माणसाचा.

बाईंनी कुठून बोलतेय ते सांगितले.

“ताई, तुम्ही ती फाइल उघडली नाहीत ना?”

“नाही.”

“देवा.” त्याने मोठा श्वास सोडला. “आम्ही काही पाठवलेलं नाही हो. कालपासून इथं सगळं बंद आहे. आमच्या पत्रपेटीत जेवढी जुनी पत्रं होती, तेवढ्यांना आपोआप उत्तरं जातायत. तुमच्यासारखे नव्वद जण झाले सकाळपासून. त्यातल्या काहींनी उघडली.”

“आणि तुमच्याकडं काय झालं?”

“सगळ्या फाइलींना कुलूप. किल्ली त्या लोकांकडं.” मग आवाज आणखी खाली गेला. “मीच उघडली, ताई. नाव होतं बदल्यांची यादी. मला घराजवळ बदली हवीय, तीन वर्षं मागतोय. यादी म्हटल्यावर... मला पुढचं काही दिसलंच नाही. झाकलेलं होतं.”

त्यांच्या बोटाला अजून माउसचा स्पर्श जाणवत होता.

“तुमची वही,” तो म्हणाला, “खरंच सापडली होती हो. सोमवारी. चुकीच्या गठ्ठ्यात होती. मी स्वतः स्कॅन केली, म्हटलं शुक्रवारी ताईंना पाठवू, खूश होतील.”

बाईंनी टेबलाची कड धरली. “मग? मूळ वही?”

“स्कॅन झालेले गठ्ठे बुधवारी कागदाच्या लगद्याला जातात. गाडी येऊन गेली. आणि प्रत काढून ठेवायचा दिवस आमचा शुक्रवार असतो.” तो रडकुंडीला आला होता. “तुम्ही मला काय वाटेल ते बोला. अकरा पत्रं लिहिलीत तुम्ही. मी मोजलीत.”

बोलता आले असते. चार वर्षांचे बोलून घेता आले असते. साहेब आणि फुगेवाले समोर उभे होते, दोघांनीही बाईंच्या चेहऱ्यावरून काय झाले ते ओळखले होते. बाई म्हणाल्या, “तुमच्या जागी मी असते तरी दाबलंच असतं. आत्ता दाबणारच होते. तुम्ही जेवलात का?”

“नाही.”

“जेवून घ्या.”

त्या फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, “वही तुमच्या वडिलांची होती का हो, ताई?”

“हो.”

“काय अक्षर होतं! तीनशे पासष्ट पानं, एक खाडाखोड नाही. स्कॅन करताना डोळ्यांना बरं वाटत होतं. फक्त एका पानाला मी थांबलो. म्हटलं, कुणा पोरानं वहीत गिरबटलंय. बाद म्हणून बाजूला काढणार होतो.”

“कुठलं पान?” बाईंनी तारीख सांगितली. टिंबे देऊन, सवयीने.

“तारीख नाही आठवत. वहीच्या साधारण मध्यावर होतं. तिन्ही वेळेचे आकडे लहान मुलाच्या अक्षरात. मोठाली अक्षरं, ओळ सोडून खाली घसरलेली. पण आकडे नीट भरलेले, कोरडा, ओला, सगळं जिथल्या तिथं. आणि शेऱ्यात लिहिलं होतं...” तो आठवू लागला. “‘बाबा आईजवळ बसले आहेत. ते उठत नाहीत. म्हणून मी बादलीवर चढून बघितले. ढग आठ.’ असंच काहीतरी. ढग शब्दातला ढ उलटा काढला होता. मला हसू आलं. म्हटलं, मास्तरांनी कान पिळला असेल.”

बाईंना आधी काही कळले नाही. मग सगळे एकदम कळले. झडपांची सावली, कडी, डोळ्यांसमोरचा पारा. मागे कुणीच उभे नव्हते. मावशीने बघितले ते आकडे खरे होते. कुणी लिहिले ते मात्र तिने बघितलेच नव्हते. संध्याकाळची, दिवा न लावलेली खोली, उघडी वही, तिने दुरून रकाने भरलेले पाहिले आणि पुढचे तिचे तिने ठरवले. आणि पंचवीस वर्षे आपण त्या माणसाशी हवेबद्दल बोलत राहिलो. तो आपला तिथे, खाटेजवळ, जागचा हललाही नव्हता.

“ताई? आहात ना?”

“आहे. आणखी काही होतं का त्या पानावर?”

“बाजूला लाल शाईत त्या तिरक्या अक्षरात एक शब्द होता. दुसऱ्या दिवशी लिहिला असणार. ‘ग्राह्य.’ खाली सही. तो शब्द होता म्हणून तर मी पान बाद केलं नाही.”

बाई रडल्या. लपवले नाही, पदरही डोळ्यांना लावला नाही. समोर साहेब आणि फुगेवाले उभे असताना, फोन कानाला तसाच धरून, त्या मोठ्याने म्हणाल्या, “चुकलं हो माझं, बाबा.” पलीकडच्या कारकुनाला ते ऐकू गेले. त्याने फोन ठेवला नाही. म्हणाला, “मी लिहून पाठवू का, आठवतंय तेवढं? पोस्टानं?”

“पाठवा,” बाई म्हणाल्या. “आणि जेवा आधी.”

साहेबांनी पडलेली खुर्ची उचलून ठेवली. मग आपल्या खोलीत गेले आणि तिथून हाक मारली, हळू आवाजात, “ती खूण कुठं करायची म्हणालात, बाई?” बाईंनी जागेवरूनच सांगितले. फोल्डर, व्ह्यू, मग चौकोन. पलीकडून बराच वेळ टिकटिक ऐकू येत राहिली. फुगेवाल्यांनी न सांगता पाण्याचा पेला आणून टेबलावर ठेवला.

बाईंनी ती खोटी वही पुसून टाकली. कचऱ्याच्या टोपलीतूनही काढली. नाव नाहीसे होताना त्यांना वाईट वाटले, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले. साडेपाचला त्या अंगणात गेल्या. पेटीचे दार उघडले, आकडे वाचले, मान वर केली. ढग आठपैकी दोन, तेही पश्चिमेला, कडा गुलाबी. परत येऊन त्यांनी नोंद केली.

मग एक रद्दी कागद घेतला आणि त्यावर उलटा ढ काढायला गेल्या. सुलटा आला. पुन्हा काढला, सावकाश, पेन्सिल उलट बाजूने वळवत. अर्ध्यावर हात आपोआप फिरला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले, सात वर्षांची ती मुलगी आठवायचा प्रयत्न केला, आणि काढला. तोही सुलटाच निघाला.